गाडी उचलणे आणि गाडी धरणे

आपल्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यापाड्यांत एके काळी चारचाकी गाडी म्हणजे डॉक्टरांची किंवा पुढाऱ्यांची. आज तसे राहिलेले नाही. दोन-चार हातांतून फिरलेली जुनी गाडी का होईना, ती पुष्कळ घरांपुढे उभी दिसते. तीत दुधाचे कॅन जातात, शाळेची पोरे जातात, नवरात्रात तुळजापूरला सारे घर जाते. गाडी घरात आली म्हणजे तिची दुखणीही घरात आली. सायलेन्सर लोंबतो, चेंबरच्या नटातून ऑइल ठिबकते, पाट्यातून कुरकुर येते. शहरात गॅरेज हाकेच्या अंतरावर असते. आपल्याकडे ते वीस-पंचवीस किलोमीटरवर. शिवाय शेतकऱ्याच्या हाताला पान्याची ओळख असतेच. ज्याने विहिरीवरचा पंप दहा वेळा खोलून बसविला, तो गाडीचा एक नट पिळायला तालुक्याला कशाला जाईल? तो जॅक लावतो, गाडी उचलतो आणि खाली पोते अंथरून गाडीखाली सरकतो.

आपले काम आपण करावे, या मताचा मीही आहे. गाडीखाली जाऊच नका, असे सांगण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण पोते अंथरून खाली सरकण्याअगोदर एक प्रश्न स्वतःला विचारावा, एवढेच माझे म्हणणे आहे. ही गाडी आत्ता कशावर उभी आहे? उत्तर 'जॅकवर' असे आले, तर खाली जाऊ नये.

तसे का, हे समजण्यासाठी जॅक म्हणजे काय ते थोडे पाहिले पाहिजे. मी गणित शिकविणारा माणूस आहे, तेव्हा थोडे आकडे येतील. पण ते पाटीवर मांडता येतील एवढे सोपे आहेत.

बाटलीच्या आकाराचा जो ऑइलचा जॅक असतो, त्याच्या मुळाशी सतराव्या शतकातल्या पास्कल नावाच्या फ्रेंच गणितज्ञाचा नियम आहे. बंद भांड्यातल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो दाब सर्व बाजूंना सारखाच पोहोचतो. लहान तोंडाच्या नळीत थोडा जोर लावला, तर मोठ्या तोंडाच्या नळीत त्याच दाबाने पुष्कळ मोठा जोर निर्माण होतो, कारण तेथे क्षेत्रफळ जास्त. इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ साली याच तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले. आपल्या हातातला जॅक त्याच कुळातला. समजा, जॅकचा लहान दट्ट्या एक सेंटिमीटर व्यासाचा आहे आणि मोठा तीन सेंटिमीटरचा. व्यास तिप्पट, म्हणून क्षेत्रफळ नऊपट. दांड्यामुळे आणखी पंधरा पटींचा फायदा मिळतो असे धरू. नऊ गुणिले पंधरा, एकशे पस्तीस. घर्षणात थोडे जाते ते सोडले, तर दहा किलोच्या जोराने तेराशे किलोच्या आसपास वजन हलते. बारा वर्षांचे पोर गाडी उचलू शकते ते यामुळे.

आता हीच गोष्ट उलट बाजूने पाहू. उचललेल्या गाडीचे पाचशे किलो वजन त्या तीन सेंटिमीटरच्या दट्ट्यावर बसले आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे सात चौरस सेंटिमीटर. म्हणजे आतल्या तेलावर दर चौरस सेंटिमीटरला सत्तर किलोच्या वर दाब. गाडीच्या टायरमध्ये आपण हवा भरतो ती सव्वादोन-अडीच किलोच्या दाबाने. जॅकमधला दाब त्याच्या तीसपट झाला. आणि हा दाब अडवून कोण धरते? रबराचे एक सील आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोळीची झडप. सील वर्षानुवर्षे शेडमध्ये पडून कडक होते. झडपेखाली वाळूचा एक कण अडकला, तरी तेल माघारी सरकू लागते. कधी ते हळूहळू सरकते, आणि आपण नटाकडे पाहत असल्यामुळे गाडी बोटभर खाली आली हे कळतही नाही. कधी सील एकदम दगा देते. दोन्हींपैकी काय होणार, हे बाहेरून जॅककडे पाहून सांगता येत नाही.

शिक्षकांना हे वर्गात दाखविणे सोपे आहे. औषधांच्या दुकानातून सुईशिवाय दोन पिचकाऱ्या आणाव्यात, एक लहान, एक मोठी. दोघींची तोंडे सलाइनच्या नळीच्या तुकड्याने जोडावीत आणि आत पाणी भरावे. हवेचा बुडबुडा राहू देऊ नये. लहान दट्ट्या दाबला, की मोठ्या दट्ट्यावर ठेवलेली पुस्तके वर उचलली जातात. मुलांना मौज वाटते. मग लहान दट्ट्या अंगठ्याने तसाच दाबून धरावा आणि जोडाजवळ नळी जराशी सैल करावी. थेंब थेंब पाणी येऊ लागते आणि पुस्तके खाली येऊ लागतात. त्या पुस्तकांखाली एका मुलाला बोट ठेवायला सांगितले, तर तो हसत हसत नको म्हणतो. तेथेच धडा थांबविला तरी चालेल.

जॅकचा दुसरा प्रकार स्क्रूचा. पुष्कळ लहान गाड्यांबरोबर कात्रीसारखा उघडणारा जॅक मिळतो, तो याच जातीचा. त्यात तेल नाही, सील नाही. आट्यांचा उतार इतका कमी ठेवलेला असतो, की वरून कितीही वजन आले तरी घर्षणामुळे स्क्रू आपोआप उलटा फिरत नाही. म्हणून लोक समजतात, की हा सुरक्षित. हा जॅक बसत नाही हे खरे. पण तो कलंडतो. त्याचे बूड अरुंद असते आणि डोके उंच जाते. समजा, बूड पंधरा सेंटिमीटर रुंद आहे. डोके त्याच्या बरोबर मध्यावरून साडेसात सेंटिमीटर बाजूला गेले, की वजनाची रेषा बुडाच्या बाहेर पडली. मग त्याला कोणी वाचवू शकत नाही. साडेसात सेंटिमीटर म्हणजे चार बोटांची रुंदी. पंचावन्न सेंटिमीटर उंचीच्या चाकाचा घेर सुमारे पावणेदोन मीटर असतो. म्हणजे चाक एका फेरीच्या तेविसाव्या हिश्शाएवढे घरंगळले, तरी पुरे. गाडीखाली निजून गंजलेल्या नटाला दोन्ही हातांनी हिसका दिला, तर गाडीला एवढा धक्का सहज बसतो.

गाडीबरोबर मिळणारा जॅक पंक्चर झालेले चाक बदलण्यापुरता आहे, हे गाडीच्या पुस्तिकेतही लिहिलेले असते. ते पुस्तक बहुधा दोन मालकांपूर्वीच हरवलेले असते, ही गोष्ट वेगळी.

जमिनीकडे आपण फारसे लक्ष देत नाही, पण धोक्याची निम्मी कारणे जमिनीतच असतात. साठ किलोचा माणूस दोन पायांवर उभा राहतो, तेव्हा पावलांचे क्षेत्रफळ तीनशे चौरस सेंटिमीटर धरले, तर जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोपेक्षाही कमी भार येतो. जॅकचे बूड दहा बाय पंधरा, म्हणजे दीडशे चौरस सेंटिमीटर. त्यावर चारशे किलो आले, तर दर चौरस सेंटिमीटरला पावणेतीन किलोच्या आसपास. माणसाच्या पावलाच्या तेरा-चौदा पट. आपण जेथे खुशाल चालतो, तेथे जॅक रुततो तो यासाठी. आणि मांजरा-तेरणेच्या खोऱ्यातली काळी तर आपल्या ओळखीचीच आहे. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरून ती दगडासारखी वाटते, पण भेगेच्या काठाचे ढेकूळ वजन आले की ढासळते. पावसाळ्यात ती फुगते आणि लोण्यासारखी होते. काळ्या रानात जॅक लावून गाडीखाली जाणे हा शुद्ध अविचार आहे. बालाघाटावरचा मुरूम त्यामानाने पुष्कळ बरा. सिमेंटचा कोबा सर्वांत चांगला. अंगणातल्या शहाबादी फरशीवर मात्र भरवसा ठेवू नये. तिच्याखाली पोकळी राहिलेली असते, आणि एका ठिकाणी भार आला की ती मधोमध तडकते. फरशीवर काठी आपटून पाहिली, तर पोकळ आवाज येतो तो ऐकावा.

आपल्या जुन्या माळवदाच्या घरांत याचे उत्तर आहे. तुळईखाली लाकडी खांब असतो, पण खांब कधी थेट मातीत रोवलेला नसतो. त्याच्याखाली दगडी तळखडा असतो. खांबाचा भार तळखड्यावर पसरतो आणि मग जमिनीत जातो. जॅकखाली आणि आधाराखाली तसाच तळखडा पाहिजे. दीड-दोन इंच जाडीची, फूटभर लांब-रुंद चांगल्या लाकडाची फळी घ्यावी. फुटाचे तीस सेंटिमीटर धरले, तर नऊशे चौरस सेंटिमीटर झाले, आणि मघाचा पावणेतीन किलोंचा भार अर्ध्या किलोच्या आत आला. प्लायवूडचा तुकडा किंवा खोक्याची पातळ फळी उपयोगाची नाही. ती वाकते, आणि वाकलेली फळी भार पसरवीत नाही.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. जॅकने गाडी उचलावी आणि दुसऱ्या कशावर तरी टेकवावी. हे 'दुसरे काही' असे असावे, की ज्यात तेल नाही, जे रुतत नाही, कलंडत नाही आणि फुटत नाही. गॅरेजमध्ये यासाठी लोखंडी स्टँड असतात. कोणी त्यांना घोडी म्हणतात. खाली पसरलेले तीन किंवा चार पाय आणि मध्ये वर-खाली होणारा खांब. शहरात मोटारीच्या सामानाच्या दुकानी त्यांची जोडी मिळते. घेताना त्यावर किती टनांचा आकडा आहे तो वाचावा, आणि तो एका स्टँडचा आहे की जोडीचा, हेही विचारून घ्यावे. लहान गाडीचे एकूण वजन आठशे-नऊशे किलो, जीपसारख्या मोठ्या गाडीचे दीड टनाच्या पुढे, आणि इंजिन पुढे असल्यामुळे पुढच्या बाजूला निम्म्याहून जास्त वजन असते. आकडा गरजेच्या दुप्पट असला, तर पैसे वाया गेले असे समजू नये.

स्टँडचेही दोन प्रकार आहेत. एकात खांबाला दाते असतात आणि एक खिटी त्यांत अडकते. दुसऱ्यात खांबाला आरपार भोके असतात आणि त्यांतून जाड सळईची खीळ घालावयाची असते. मला स्वतःला दुसरा प्रकार अधिक भरवशाचा वाटतो. २०२० साली अमेरिकेत एका मोठ्या विक्रेत्याने दात्यांच्या खिटीचे लाखो स्टँड ग्राहकांकडून परत मागविले. वजन थोडे हलले तर खिटी दात्यांतून सुटू शकत होती, असा दोष निघाला. पुढे त्यांच्या बदली दिलेल्या काही स्टँडांच्या जोडकामातही दोष सापडला. तेव्हा दात्याचा स्टँड असेल, तर खिटी पुरती आत बसली आहे का, हे वाकून डोळ्यांनी पाहावे. नुसता 'कट्' असा आवाज आला म्हणून समाधान मानू नये.

स्टँड नसला, तर लाकडी ओंडके चालतात. बाभळीचे किंवा सागाचे, चौकोनी तासलेले, फूट-दीड फूट लांबीचे ठोकळे. दोन उभे, त्यांवर दोन आडवे, पुन्हा दोन उभे, अशी चौकट रचावी, म्हणजे बूड रुंद राहते. लाकडाचा एक गुण आहे. ते मोडण्याअगोदर बहुधा दबते, कुरकुरते, चिरते. माणसाला इशारा मिळतो. विटेला हा गुण नाही. वीट उभ्या भिंतीत हजारो किलो भार सोसते, कारण तेथे तो सगळ्या अंगावर सारखा पसरलेला असतो. गाडीच्या लोखंडाची धार तिच्या एका कोपऱ्यावर टेकली, की ती काहीही न सांगता फुटते. सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर याहून वाईट. आणि गावात गाडी विटांवर चढविलेली मी जितक्या वेळा पाहिली आहे, तितक्या वेळा ती स्टँडवर पाहिलेली नाही. गोल धोंडा, पाण्याचे पिंप, उखळ, यांचेही नाव काढू नये.

आधार गाडीच्या कोणत्या भागाखाली द्यावयाचा, हेही महत्त्वाचे. जीपसारख्या गाडीला लोखंडी सांगाडा असतो. त्या चॅसिसखाली किंवा मागच्या ॲक्सलच्या नळीखाली स्टँड बसतो. लहान मोटारींना असा वेगळा सांगाडा नसतो, पत्र्याचीच पेटी असते. तिच्या दाराखालच्या कडेला दुमडलेली जाड पट्टी असते आणि चाकांजवळ तिला खाचा किंवा खुणा असतात. जॅकसाठी त्या जागा. जॅक तेथे असेल, तर स्टँडला पत्र्याच्या आत जवळच असलेला मजबूत आडवा दांडा शोधावा. तळाच्या सपाट पत्र्याखाली किंवा ऑइलच्या चेंबरखाली टेका दिला, तर पत्रा आत जातो. जुन्या गाडीत दाराखालची ती पट्टी गंजलेली असते. स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावे. पापुद्रे सुटले, तर त्या गाडीला गॅरेजच दाखवावे.

गाडी उचलण्याअगोदर ती हलणार नाही अशी बांधून टाकली पाहिजे, आणि येथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. हँडब्रेक ओढला, गियर टाकला, म्हणजे झाले, असे लोक म्हणतात. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. मागची दोन्ही चाके उचलली, तर तो हवेतल्या चाकांना धरून बसतो आणि जमिनीवरची पुढची चाके मोकळी राहतात. गियरचे आणखी वेगळे. इंजिनाचा जोर दोन चाकांना वाटून देणारी दात्यांची पेटी असते, तिला मेकॅनिक डिफरन्शियल म्हणतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरावे, आतले कमी, यासाठी ती असते. तिचा स्वभाव असा, की त्या जोडीतले एक चाक हवेत गेले, तर ते उलटे फिरून जमिनीवरच्या चाकाला मोकळे करते. म्हणजे इंजिनाचा जोर ज्या चाकांना जातो त्यांपैकी एक उचलले, की गियरमध्ये ठेवलेली गाडीसुद्धा घरंगळू शकते. म्हणून गियर टाकावा, हँडब्रेकही ओढावा, पण भरवसा ठेवावा तो चाकांना लावलेल्या ठोकळ्यांवर. जी चाके जमिनीवर राहणार, त्यांच्या पुढे आणि मागे, दोन्ही बाजूंनी पाचरीच्या आकाराचे ठोकळे ठोकून बसवावेत. बैलगाडीचे बैल सोडताना चाकाला दगड लावणाऱ्या आपल्या आजोबांना हे सांगावे लागत नव्हते. अंगणाला पाणी वाहून जाण्यासाठी उतार ठेवलेला असतो, त्या उतारावर गाडी उचलूच नये.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करून घ्यावेत, म्हणजे वर उचलल्यावर हिसके द्यावे लागत नाहीत. मग फळीवर जॅक ठेवून थोडे उचलावे, थांबून जॅक सरळ आहे का पाहावे, पुन्हा उचलावे. स्टँड लावावेत आणि जॅक सावकाश सोडून गाडीचे वजन स्टँडवर येऊ द्यावे. जॅक काढून टाकू नये. तो नुसता टेकलेला असू द्यावा. काढलेले चाक किंवा स्टेपनी दाराखालच्या कडेला आडवी सरकवून ठेवावी. येथेही थोडा हिशेब आहे. लहान गाडीचा टायर दीडशे मिलिमीटरच्या आसपास रुंद, म्हणजे आडव्या चाकाची उंची सुमारे पंधरा सेंटिमीटर. चांगल्या माणसाची छाती त्याहून जाड असते. तेव्हा चाकावर एखादा लाकडी ठोकळा घालून उंची वाढवावी. उताणे निजून हा फरक एकदा स्वतः मोजावा, पण गाडीबाहेर.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात. गाडीखाली जाण्याअगोदर तिला बाहेरून दोन्ही हातांनी जोरात हलवावे. आडवे हलवावे, लांबीकडून हलवावे. मनात भीती ठेवून हळूच नव्हे; खाली निजून पाना ओढताना जेवढा जोर लागेल, त्याहून जास्त. गाडी पडायचीच असेल, तर ती आत्ता पडू दे. पत्र्याला पोचा येईल, तो काढता येतो. काम चालू असताना गाडीत कोणी बसू नये, दार आपटू नये. आणि घरातले एक मोठे माणूस हाकेच्या अंतरावर असावे. एकट्याने हे काम करू नये.

एस.टी.च्या आगारात कामगार रोज बसखाली काम करतात. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा, कोठल्याही आगारात पाहा. तेथे लांबट खड्डा बांधलेला असतो. बस आपल्या सहा चाकांवर खड्ड्याच्या दोन्ही काठांवर उभी असते आणि माणूस खाली उतरतो. उचलण्याचा प्रश्नच नाही. ऑइल बदलणे, सायलेन्सर बांधणे अशी चाक न काढता होणारी कामे घरीही या रीतीने करता येतात. दोन्ही चाकांसाठी लोखंडी उतरण मिळते, तिच्यावर गाडी चढवून ठोकळे लावावेत. काही लोक चारीवर गाडी आडवी घालतात आणि चारीत उतरतात. पक्क्या बांधकामाची चारी असेल तर हरकत नाही. मातीच्या काठाची असेल, तर काठ ढासळून गाडी वर येईल. आणि बंद खड्ड्यात पेट्रोलची वाफ तळाशी साठते, म्हणून तेथे बिडी नको.

मोटारीपेक्षा आपल्याकडे ट्रॅक्टर अधिक, म्हणून त्याच्याबद्दल सांगितल्यावाचून हा विषय संपत नाही. रोटाव्हेटरच्या पात्यांत उसाचे पाचट किंवा तणाच्या वेली गुंडाळल्या, की ड्रायव्हर लिफ्टने रोटाव्हेटर वर उचलतो आणि कोयता घेऊन खाली वाकतो. ही लिफ्ट म्हणजे मघाचाच ऑइलचा जॅक. तिचा दांडा सीटशेजारी असतो. चढणाऱ्या पोराचा पाय त्याला लागला, तर तीन-चारशे किलोंचे अवजार क्षणात खाली येते. इंजिन बंद करावे, किल्ली खिशात घालावी, आणि अवजाराच्या सांगाड्याखाली दोन्ही बाजूंना ओंडके देऊन ते त्यांवर टेकवावे. मग हात घालावा. मागे उलटणारी ट्रॉली वर करून तिच्या सांगाड्याला ग्रीस लावतात किंवा वेल्डिंग करतात, तेथेही हेच. नळी फुटली, की ट्रॉलीचा हौद एकदम बसतो. ट्रॉली रिकामी करावी आणि हौद व सांगाडा यांच्यामध्ये जाड लोखंडी टेकू किंवा ओंडका पक्का बसवावा. ट्रॅक्टरची आणखी एक खोड अशी, की त्याचा पुढचा ॲक्सल मध्यावरच्या एका खिळीवर डोलतो. खाचखळग्यांत चारही चाके टेकावीत म्हणून ती सोय आहे. पण मागचे चाक उचलले, की सारे धूड त्या खिळीवर एका बाजूस कलू लागते. म्हणून मागचे चाक काढताना अगोदर पुढच्या ॲक्सल आणि इंजिनाच्या सांगाड्यामध्ये दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी ठोकाव्यात.

एवढे करूनही कोणी सापडला, तर काय करावे? छातीवर भार आला, तर हाड मोडण्यापेक्षा मोठा धोका श्वासाचा असतो. श्वास घेण्यासाठी छाती फुगावी लागते. तीवर शे-दोनशे किलो असले, तर ती फुगत नाही, आणि माणूस काही मिनिटांतच हातचा जातो. म्हणून आरडाओरडा करून माणसे जमवावीत आणि गाडी उचलावी. आठ-दहा जणांनी एक बाजू धरली, तर लहान गाडीची ती बाजू उचलते. मात्र उचलणाऱ्यांखेरीज एकाने ठोकळे घेऊन बसावे आणि गाडी जशी वर येईल तसे ते बाहेरूनच खाली सरकवावेत. नाही तर हात सुटला की दुसरा घाला पडतो. सोडविणाऱ्याने स्वतः गाडीखाली शिरू नये. त्याच वेळी एकाने १०८ वर रुग्णवाहिकेसाठी फोन करावा; ११२ वरही मदत मिळते.

पाय किंवा मांडी बराच वेळ दबून राहिली असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडले, तेव्हा ढिगाऱ्यातून काढलेली, बरी दिसणारी माणसे काही दिवसांत दगावू लागली. १९४१ साली बायवॉटर्स या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे वर्णन प्रसिद्ध केले. दबलेल्या स्नायूंतली घातक द्रव्ये भार निघाल्यावर रक्तात येतात आणि मूत्रपिंडे बंद पडतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात उमरगा-लोहाऱ्याकडची घरे कोसळली, तेव्हा ढिगाऱ्याखालून माणसे काढणाऱ्या हातांपैकी पुष्कळ हात आजही आपल्यात आहेत. दबलेल्या माणसाची अवस्था त्यांना सांगायला नको. तेव्हा दबला किती वाजता आणि सुटला किती वाजता, हे लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावे. 'मला काही झाले नाही, घरी चला,' असे तो म्हणाला, तरी त्याला दवाखान्यातच न्यावे.

काम झाले, की घाई होते. दिवस कललेला असतो, हात काळे झालेले असतात, चहाची हाक आलेली असते. गाडी उतरविण्याअगोदर खाली वाकून एकदा नीट पाहावे. पाना राहिलेला असतो, सावलीला कुत्रे येऊन निजलेले असते, कोंबडी शिरलेली असते, कधी चेंडू आणायला पोर आत गेलेले असते. चाक बसवून नट हाताने लावावेत. जॅकने गाडी बोटभर उचलावी, आडवी ठेवलेली स्टेपनी काढावी, स्टँड काढावेत, पण ते काढताना हात बाहेरच्या बाजूने घालावा, डोके आत घालू नये. मग सावकाश जॅक सोडावा. नट एकाआड एक, समोरासमोरचे आवळावेत, आणि शेवटची पिळ गाडी जमिनीवर आल्यावर द्यावी. चाकांचे ठोकळे सर्वांत शेवटी निघतात. दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन आल्यावर ते नट पुन्हा एकदा पान्याने तपासून पाहावेत. पाचांपैकी एखादा पाव फेरा घेतोच.